मावशींची पट्टी

मी लावलेली पट्टी कधी सुटली नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढली. डॉक्टर आले, म्हातारे झाले, गेले. पण मावशींची पट्टी घामाने निघाली किंवा लोळून निघाली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. फुशारकी म्हणा हवं तर. ज्याच्याकडे असतं त्यानेच ती मारायची असते, नाहीतर उसनी दिसते.

वॉर्डात कामाला असणाऱ्या आम्हा बायकांना सगळे मावशीच म्हणतात. पण नुसतं मावशी म्हटलं की मी, आणि बाकीच्या अमुक मावशी, तमुक मावशी. शाळा चौथीपर्यंत झाली, पण जीभ आणि हात दोन्ही पदवीधर होते. खाटा सारणं, चादरी बदलणं, बाईला धरणं, बाईच्या नवऱ्याला बाहेर काढणं ही माझी कामं. आणि पट्टी.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कळा सोसवत नाहीत तेव्हा भूल देणारे डॉक्टर बाईच्या पाठीत एक नळी घालतात. एपिड्यूरल म्हणतात तिला. नळी कसली, दोऱ्याहून जराशी जाड, आरपार दिसणारी, अंगावर मोजपट्टीसारख्या काळ्या रेघा. बाईने खाटेच्या कडेवर बसायचं, उशी मिठीत घ्यायची, हनुवटी छातीला लावायची आणि पाठ मांजरासारखी बाक काढून धरायची. डॉक्टर मणक्यांमध्ये सुई घालतात, सुईतून नळी आत सोडतात, सुई काढून घेतात. नळी राहते. तिच्यातून थेंब थेंब औषध जातं आणि कंबरेखालचं दुखणं झोपी जातं. बाळ येईपर्यंत ती नळी जागेवर राहिली तर सगळं ठीक. म्हणून पट्टी.

आमचे तेव्हाचे भूलडॉक्टर फार घाईचे. मी त्यांचं नाव घड्याळ ठेवलं होतं, कारण बोलताना ते माणसाकडे बघतच नसत, मनगटाकडे बघत. सुई बाहेर आली की कातडीपाशी नळीची कितवी रेघ आहे तो आकडा मोठ्याने सांगायचे, सिस्टर लिहून घ्यायची, आणि हे दाराकडे निघता निघता म्हणायचे, मावशी, पट्टी. मग मी बाईच्या पाठीमागे जायची. ती अजून वाकलेलीच असायची. मी मुद्दाम तिला वाकलेलीच ठेवायची. ताणलेल्या कातडीवर पट्टीला सुरकुती पडत नाही, कडा उचलत नाहीत. रुंद कापडी पट्टी, कंबरेपासून खांद्यापर्यंत, तळव्याने दाबत दाबत न्यायची. वर नळीचा तसूभरही भाग उघडा दिसत नसे. घड्याळ म्हणायचे, मावशी, तुम्ही लावलेली पट्टी काढायला गवंडी बोलवावा लागेल. मला ते आवडायचं.

नव्या आलेल्या सिस्टरना ही पट्टी मीच शिकवली. त्यातली एक अंगाने इतकीशी होती की औषधांच्या कपाटाचा वरचा खण तिला स्टुलावर चढल्याशिवाय मिळत नसे. तिला मी चिमणी म्हणायची. चिमणी हुशार. दोन दिवसांत माझ्यासारखी पट्टी लावायला लागली, आणि चार दिवसांत माझ्यासारखी बोलायलाही.

आता त्या बाईंचं.

त्या शाळेत गणित शिकवायच्या. पहिलंच बाळंतपण, वय जरा पुढे गेलेलं, भरल्या अंगाच्या, आवाज शांत. कळा सुरू झाल्यावरसुद्धा मला अहो-जाहो करत होत्या. दोन कळांमधलं अंतर स्वतःच मोजून सिस्टरला सांगत होत्या, आणि सिस्टरच्या कागदावरचं चुकलं तर दुरुस्त करत होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला नळी घातली. घड्याळ म्हणाले, दहा. म्हणजे कातडीपाशी दहावी रेघ, पाच आत जागेवर आणि पाच वाटेत. चिमणीने लिहिलं, दहा. मी पट्टी लावली. गणिताच्या बाई सरळ बसल्या, मग कुशीवर आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, देवदूत आहात तुम्ही लोक.

तासभर बरं गेलं. मग त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, मावशी, परत दुखायला लागलंय, पहिल्यासारखंच. मी यंत्राकडे बघितलं, औषध चालू होतं. तसं सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा बोलावलं.

"मावशी, पाठीला ओलं लागतंय."

"घाम आहे," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, घाम गरम असतो, हे गार आहे. गणितातली चूक दाखवावी तशा सुरात म्हणाल्या. आणि मला ते लागलं. माझ्या वॉर्डात, माझ्या पट्टीखाली काय आहे ते मला हिने शिकवायचं. तेवढ्यात चिमणी आली, आणखी एक-दोघी आल्या, घड्याळ दारातून डोकावून गेले. औषध वाढवा म्हणाले. वाढवलं. काही फरक नाही. परत आले तेव्हा घड्याळांनी कागदावर लिहिलं, रुग्ण सहकार्य करत नाही. आणि सगळ्यांच्या देखत मी म्हटलं,

"नळी आत आहे, औषध चालू आहे. आता जे दुखतंय ते मनात दुखतंय."

चिमणी फिसकन हसली. वाक्य होतंच तसं, ठसकेबाज. माझं मलाही बरं वाटलं.

गणिताच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे तोंड करून वळल्या. त्यानंतर सहा तास त्यांनी एक अक्षर तोंडातून काढलं नाही. ओरडल्या असत्या, मला शिव्या घातल्या असत्या, तर मी विसरून गेले असते. एकतीस वर्षांत शिव्या काय कमी खाल्ल्या? पण आवाजच नाही. फक्त ती पाठ, माझ्याकडे वळलेली, वरपासून खालपर्यंत माझी पट्टी लावलेली, आणि दर दोन मिनिटांनी ती पाठ कडक व्हायची. लाकडासारखी. मग सैल. मग पुन्हा कडक.

मुलगा झाला. दोघंही धडधाकट. पट्टी काढायला मी एकटीच होते. टोक सोडवलं आणि ओढत खाली आले, तर कंबरेपाशी पट्टी खालून भिजलेली. गार. तिच्याखाली नळी वळसा घालून बसलेली, आणि कातडीपाशी पाचवी रेघ.

दहाचं पाच.

औषध सबंध दिवस त्यांच्या कातडीवर आणि माझ्या पट्टीत जिरत होतं. पहिला तास सोडला तर थेंबभरसुद्धा जागेवर पोचत नव्हतं. पट्टी सुटलीच नव्हती. तीच तर खोड. वाकलेल्या पाठीचं कातडं आतल्या हाडाशी चेपून बसलेलं असतं. बाई सरळ झाली की मांस भरतं, कातडं वर उचललं जातं. पट्टी कातड्याला धरून, नळी पट्टीला धरून. कातडं निघालं की नळीही त्याच्यामागोमाग बाहेर. माझी पट्टी जरा कच्ची असती तर नळी जागच्या जागी राहिली असती.

हे सगळं मला त्या क्षणी नाही कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की हे कुणी बघता कामा नये. मी नळी काढली, पट्टीत गुंडाळली, घट्ट बोळा केला आणि टोपलीत खाली, इतर घाणीखाली सारला. चिमणीने विचारलं, नळी पूर्ण निघाली का? मी म्हटलं, पूर्ण. तिने लिहिलं.

गणिताच्या बाई पाचव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेल्या. जाताना सगळ्यांना नमस्कार केला. मला केला नाही. माझ्याजवळून गेल्या आणि पाठ दिसली, बस्स.

त्यानंतर आलेल्या पहिल्याच बाईला मी पट्टी लावायच्या आधी सांगितलं, सरळ बस ग बाई, श्वास घे. आणि पट्टी हातात धरून नुसती नळीकडे बघत राहिले. कुणाचा हात लागला नव्हता. नळी आपली आपण आत सरकली. दहावी रेघ कातडीत गेली आणि अकरावी येऊन टेकली. जणू आतून कुणीतरी हलकेच ओढून घेतलं. एवढी साधी गोष्ट. आधी सरळ बसवायचं, मग पट्टी लावायची. अर्ध्या मिनिटाचा फरक.

पुढची तेरा वर्षं मी तसंच केलं. कुणाला कारण सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, माझी पद्धत. सांगायचं म्हणजे आधीचं चूक होतं म्हणून सांगायचं, आणि मग कुणीतरी विचारणार, कशावरून? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि ज्यांना जुनी पट्टी शिकवली होती त्या कुठे कुठे गेल्या, चिमणीची बदली वरच्या मजल्यावर झाली. गेल्या तर गेल्या.

पण गणिताच्या बाई गेल्या नाहीत. मेल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. मेलेल्याचं भूत म्हणून लोक सुटतात तरी. जिवंत माणसाच्या भुताचं काय करायचं? ते कुठेही भेटतं. बसथांब्यावर रांगेत उभी राहिले की पुढच्या बाईची पाठ तीच. भरलेली, ताठ. ती वळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. वळली की भलतीच कुणीतरी. आणि मग कंबरेच्या वर, बरोब्बर त्या जागी, मला ओलं लागायचं. गार. हात मागे नेऊन बघायची. कोरडं. आमचे हे होते तेव्हा त्यांना बघायला सांगायची, पाठीवर काही आहे का. ते म्हणायचे, तुझ्या पाठीवर बसायची पाण्याच्या थेंबाची तरी हिंमत आहे का? हसून सोडून द्यायची.

निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली. आता धाकटीचं सांगते.

धाकटी म्हणजे माझी धाकटी सून. बस चालवते. शहरातली मोठी बस, चाळीस माणसं पाठीशी घेऊन. लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, हिला घरात ब्रेक लावणारं कुणीतरी पाहिजे, आणि तिने ऐकलं होतं. आमचं तसं भांडण नाही. दोन तलवारी एका म्यानात राहतात, आवाज न करता. फक्त एक आहे. लग्नानंतरच्या वर्षी तिच्या पोटात दुखत होतं, मी म्हटलं, गॅस आहे, नाटकं नकोत. दोन दिवस ती तशीच बस चालवत राहिली. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात गेले, डबा नेला, उशाशी बसले, सगळं केलं. चुकलं माझं, एवढं मात्र म्हटलं नाही. तेव्हापासून ती मला दुखणं सांगत नाही. रस्त्यावर गर्दी किती होती ते सांगते, पाऊस येईल का ते सांगते. दुखतंय हा शब्द तिने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

तिच्या कळा सकाळी सुरू झाल्या आणि आम्ही तिला माझ्याच जुन्या वॉर्डात नेलं. जाताना माझी छाती फुगलेली होती, खोटं कशाला बोलू. दारातला माणूस उठून उभा राहिला. आत फक्त एकाच नातेवाइकाला सोडतात. धाकट्याला, म्हणजे माझ्या मुलाला, रक्ताचा थेंब बघून घेरी येते. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि मी आत गेले.

चिमणी तिथे मुख्य सिस्टर. वरच्या मजल्यावरून परत येऊन तिलाही सहा वर्षं झाली होती. केस पांढरे झालेत, उंची तेवढीच. तिने मला सगळ्या नव्या पोरींसमोर उभं केलं आणि सांगितलं, या आपल्या मावशी, ज्यांच्या नावाची पट्टी तुम्ही रोज लावता. पोरी बघायला लागल्या. माझ्या नावाची पट्टी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

धाकटीला एपिड्यूरल हवं होतं, ते तिने डॉक्टरांनाच सांगितलं, मला नाही. भूलडॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी, लांब बोटांची, घाई न करणारी. धाकटीचे खांदे मी धरले. ती उशीला मिठी मारून वाकली आणि तिचं कपाळ माझ्या छातीला टेकलं. लग्नानंतर इतकी जवळ ती कधी आली नव्हती. डॉक्टर पोरीने सुई घातली, नळी सोडली, सुई काढली. म्हणाली, दहा.

तोच आकडा ऐकून मी चपापले. उगाच, म्हटलं. आकडा आहे, कुणाचाही असू शकतो.

डॉक्टर पोरीने आरपार दिसणारं एक पातळ चिकट आवरण लावलं आणि तिला शेजारच्या खोलीतून तातडीची हाक आली. बाकीचं बघाल ना सिस्टर, म्हणत ती गेली. आणि चिमणी माझ्याकडे बघून हसली.

"आज मी स्वतः लावते. तुमच्या हातची, मावशी. बघा विसरलेय का."

धाकटी अजून वाकलेलीच. चिमणीने रुंद पट्टी काढली. कंबरेपासून खांद्यापर्यंत, तळव्याने दाबत दाबत. सुरकुती नाही. कडा नाही. नळी तसूभर उघडी नाही. नव्या पोरी बघत होत्या. मी खांदे धरून समोर उभी. एवढंच म्हणायचं होतं, थांब, आधी सरळ बसव. तीन-चार शब्द. पण सगळ्यांच्या तोंडावर माझं कौतुक होतं, आणि मी मनाशी म्हटलं, धाकटी शेलाटी आहे. अंगावर मांस नाही. हिचं कातडं कितीसं उचलणार? एखादी रेघ. चालून जाईल.

दुसऱ्यांदा गप्प बसले. पहिल्यांदा निदान माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा होती.

दीड तास ती छान होती. बाळ मुलगी झाली तर तिला गाडी चालवायला शिकवणार म्हणाली, मी म्हटलं, आधी चालायला शिकव. मग ती बोलेनाशी झाली. मी विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाली, बाहेर ऊन कमी झालं का हो? मी खिडकीकडे बघितलं. ऊन होतं. परत वळले तर तिचा हात खाटेच्या दांडीवर. बोटांची पेरं पांढरी. सुटली. पुन्हा पांढरी.

चिमणी आली, यंत्र बघितलं, चालू आहे म्हणाली. एक जादा मात्रा सोडली. वीस मिनिटं गेली. पेरं पांढरीच. मी बघत होते आणि मला कळत होतं, आणि मी बसले होते. आपलंच पाप ओळखीच्या माणसासारखं दारात उभं असतं, या म्हणावं लागतं नाहीतर घरात नाही म्हणावं लागतं. मी दोन्ही म्हणत नव्हते.

धाकटी भिंतीकडे वळली.

ती पाठ. माझ्याकडे. वरपासून खालपर्यंत पट्टी. कडक झाली, लाकडासारखी. सैल झाली. भर दुपार होती, खिडकीतून उजेड पडला होता, चार माणसं ये-जा करत होती, आणि मी एकोणीस-वीस वर्षं मागे त्याच खुर्चीत बसले होते. शेलाटी पाठ भरत चालली आहे असं मला दिसलं. डोळे मिटले तर मिटल्या डोळ्यांनीही दिसलं. आता ती वळली आणि तोंड गणिताच्या बाईंचं निघालं तर, एवढीच भीती मनात.

तिने वळून बघितलं नाही. भिंतीशीच, हळू, हवामान सांगावं तशी म्हणाली,

"आई, पाठीला ओलं लागतंय."

हे वाक्य मी जन्मात कुणाला सांगितलेलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

चिमणी औषधांचा कागद भरत होती. मान वर न करता, अगदी मायेने, रोज दहा जणींना सांगावं तशी ती म्हणाली, घाम असेल ग बाळा. नळी आत आहे, औषध चालू आहे. आता जे दुखतंय ते मनात दुखतंय.

माझे शब्द. माझाच सूर, शेवटच्या शब्दावर जरा खाली येणारा. मी मेल्यावरही हे वाक्य या खोलीत फिरत राहिलं असतं, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, आणि दर वेळी एखादी बाई भिंतीकडे वळली असती. मी उठले. गुडघे वाजले तेवढा आवाज.

"घाम नाही तो. पट्टी काढ," मी म्हटलं.

चिमणी हसली. म्हणाली, मावशी, तुमचीच पट्टी आहे, सुटायची नाही.

"म्हणूनच काढ."

तिला कळेना. मी डॉक्टरला बोलवायला सांगितलं, तर ती म्हणाली, जादा मात्रा आत्ताच दिली आहे, थोडं थांबूया, आणि तुम्ही घरच्या आहात म्हणून घाबरताय. समजुतीने बोलत होती. नातेवाइकांशी कसं बोलायचं तेही मीच शिकवलं होतं. मग माझ्यापुढे एकच गोष्ट उरली. नव्या पोरी उभ्या होत्या, धाकटी ऐकत होती. तरी सांगितलं. त्या गणिताच्या बाई आठवतात का, भिंतीकडे तोंड करून होत्या त्या. त्यांची नळी बाहेर होती. दहाचं पाच झालं होतं. पट्टी खालून ओली चिंब. मी बोळा करून टोपलीत टाकला आणि तुला पूर्ण म्हणून लिहायला लावलं. वाकलेल्या पाठीवर पट्टी लावली की ती नळीला बाहेर घेऊन येते. मला तेव्हापासून माहीत आहे. आज तू लावत होतीस तेव्हाही माहीत होतं.

चिमणीच्या हातातला कागद तसाच राहिला. मग एका नव्या पोरीने, न विचारता, डॉक्टरला बोलवायला धाव घेतली. तिचं मी नंतर कौतुक केलं.

डॉक्टर पोरगी आली. तिने आम्हाला प्रश्न विचारले नाहीत, धाकटीला विचारलं, कुठे लागतंय ओलं? धाकटीने हात मागे नेऊन जागा दाखवली. पट्टी सोडवायला दोघी लागल्या. खाली भिजलेलं होतं. कातडीपाशी सहावी रेघ, तीही तिरपी. डॉक्टर पोरगी म्हणाली, ही नळी कधीचीच बाहेर आहे, आणि धाकटीला म्हणाली, तुम्ही बरोबर सांगत होता. अजून वेळ आहे, दुसरी घालूया.

मी पुन्हा समोर उभी राहिले. धाकटी वाकली, पण या वेळी कपाळ टेकवलं नाही. मान तशीच अधांतरी धरून ठेवली. तेवढा हक्क होता तिला. मधे एक कळ आली, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि असं आवळलं, की आठवडाभर तिथे चार निळे ठसे होते. मी हात काढून घेतला नाही. नळी आत गेली. डॉक्टर पोरीने आकडा सांगितला, दहा. चिमणी पट्टी हातात घेऊन पुढे आली आणि थांबली. माझ्याकडे नाही, नळीकडे बघत म्हणाली, सरळ बसा. श्वास घ्या.

धाकटी सरळ बसली. आम्ही सगळ्या बघत होतो. नळी आपली आपण आत सरकली. दहाची अकरा नाही झाली, शेलाटी आहे ना, पण अर्धी रेघ आत गेली. मग डॉक्टर पोरीने नळीला वळसा ठेवून पातळ चिकट आवरण लावलं, आकडा वरून वाचता येईल असं, आणि खांद्याकडे जाणारी पट्टी तेवढी चिमणीने लावली. सैलसर.

अर्ध्या तासात तिची बोटं दांडीवरून खाली आली. झोपली. तोंड माझ्या बाजूला करून झोपली, की नुसती वळली तशी राहिली, मला सांगता येत नाही.

संध्याकाळच्या आधी मुलगी झाली. आवाज असा की बसचा भोंगा. धाकट्याला आत बोलावलं, तो दारातच रडला, आणि त्याला बसवायला खुर्ची आणावी लागली.

मी बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा चिमणी बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, त्या दिवशी मी हसले होते. मी म्हटलं, माझ्यामुळे हसलीस. ती म्हणाली, हसले तर मीच ना. आणि मग तिने हिशेब सुरू केला. परत आल्याला सहा वर्षं. वरच्या मजल्याआधीची तीन. तिने शिकवलेल्या पोरी, त्या ज्या ज्या दवाखान्यांत गेल्या ते. ज्यांना औषध लागू पडलं नाही म्हणून कागदावर लिहिलं, त्या. ज्या नुसत्या गप्प झाल्या, त्या. मग ती उठून आत गेली, आणि मला दारातून तिचा आवाज आला. ती पोरींना सांगत होती, उद्यापासून ही पट्टी बंद, आणि का बंद ते सांगत होती. माझं नाव घेऊन सांगत होती. घेऊ दे. नावाची होती ना पट्टी.

धाकटीने मला तिसऱ्या दिवशी विचारलं. बाळाला पाजत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, तुम्हाला कसं कळलं, की खरंच ओलं आहे?

"तू सांगितलंस म्हणून," मी म्हटलं.

तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, टाके दुखतायत. मी उठून गोळी आणून दिली आणि पाणी दिलं. दुखतायत म्हणाली. मला म्हणाली.

आता लोकांना वाटेल, बोलून टाकलं, मोकळी झाली म्हातारी. मलाही वाटलं होतं. वॉर्डात बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बसथांब्यावर उभी होते. रांगेत पुढे एक बाई होती, किडकिडीत, लाल झग्यातली. गणिताच्या बाईंसारखी अजिबात नाही. तिच्यापुढे एक बुटकी. तिच्यापुढे एक पोक्त. सगळ्या पाठमोऱ्या. पूर्वी एकच पाठ होती, तिची ओळख तरी होती. आता कुठलीही असू शकते. चिमणीच्या हातची, चिमणीच्या पोरींच्या हातची, कुणाकुणाची. कुणीही वळून बघितलं नाही.

कंबरेच्या वर, त्याच जागी, ओलं लागलं. गार. मी हात मागे नेला. कोरडं होतं. तरी रुमाल काढून मी ते पुसत राहिले, बस येईपर्यंत.